स्वतःची काळजी : कोणत्या सवयी धराव्यात आणि धरलेल्या का सुटतात

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय 43 आहे, दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर बसून जातात, घरात शाळेत जाणारी दोन मुले आहेत आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे रात्रीचे सगळे तुमच्याकडे आहे. गेल्या वर्षभरात तुम्ही चार वेळा नव्याने दिनचर्या आखली : पहाटे पाचला उठणे, तासभर व्यायाम, चार लिटर पाणी, ध्यान, रोजनिशी आणि साखर पूर्ण बंद. चारही वेळा दोन-तीन आठवड्यांत सगळे कोलमडले. आता तुम्ही विचारता की यांतल्या कोणत्या सवयी खरोखर आवश्यक आहेत, आपल्यातच चिकाटी कमी आहे का, आणि गेले आठ महिने जाणवणारा थकवा या सवयींनी जाईल का.

गेली 26 वर्षे मी कुटुंबाची डॉक्टर म्हणून काम करते आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मी जवळजवळ रोज ऐकते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी सविस्तर देणार आहे, परंतु कृती मात्र तुम्ही तिथूनच सुरू करावी, कारण आठ महिने टिकलेला थकवा हा आधी तपासणीचा विषय असतो आणि मग सवयींचा. चिकाटीबद्दल म्हणाल, तर वृद्ध माणसाची रात्रीची सेवा महिनोन्महिने न चुकता करणाऱ्या व्यक्तीत चिकाटी नाही असे मी म्हणू शकत नाही. तुमची आखणी चुकली आहे. एका दिवसात सहा नव्या गोष्टी आणि त्याही पूर्ण आकारात सुरू करणे हे रिकाम्या दिवसाचा मालक असलेल्या माणसालाही जमत नाही. माझा स्वतःचा निकष साधा आहे आणि पुढचे सगळे त्यावरच बेतलेले आहे : जी गोष्ट मुलाला ताप आहे, काम अंगावर आले आहे आणि रात्री तीनदा उठावे लागले आहे अशा दिवशीही करता येईल, तेवढीच गोष्ट सवय म्हणून घ्यावी. त्याहून जास्त जे होईल ते चांगल्या दिवसाचे उत्पन्न समजावे. त्याचा हिशेब ठेवू नये.

सवय लागायला 21 दिवस पुरतात असे आपण सर्वत्र ऐकतो, आणि तुमची प्रत्येक खेप जवळजवळ त्याच मुदतीला मोडली आहे, म्हणून याबद्दल थोडे सांगते. या आकड्याचा उगम सवयींच्या अभ्यासात नाही. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान तीन आठवडे लागतात, असे निरीक्षण एका प्लास्टिक सर्जनने 1960 साली मांडले होते, आणि पुढे तोंडोतोंडी ते प्रत्येक सवयीला चिकटले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांना खाणे, पिणे किंवा हालचाल यांतली एकच नवी गोष्ट निवडायला सांगून 12 आठवडे त्यांची नोंद ठेवली. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी 66 दिवस लागतात असे त्यांच्या हिशेबात आले, मात्र माणसामाणसांतली तफावत 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत होती (12 आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून बांधलेले अंदाज आहेत). पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगी मुरली आणि व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. माझ्या दृष्टीने त्या अभ्यासातली सर्वांत मोलाची बाब वेगळीच आहे : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला सगळे जड वाटत होते, ते तसे वाटणे स्वाभाविकच होते, आणि एक दिवस चुकला म्हणून सगळी मांडणी मोडण्याचे काही कारण नव्हते.

सवय टिकवण्याचा जो उपाय मी सर्वाधिक वापरते तो म्हणजे नवी गोष्ट जुन्या गोष्टीला बांधणे. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात दाखवून दिले की ‘मी रोज व्यायाम करीन’ असा संकल्प करणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झाले की मी लगेच तमुक करीन’ असे आधीच ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम अधिक वेळा घडते. यामागचे कारण असे की पहिल्या संकल्पात दर वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागतो आणि दुसऱ्यात तो निर्णय आधीच झालेला असतो. माझे एक वयस्क रुग्ण रक्तदाबाची रात्रीची गोळी आठवड्यातून तीन वेळा तरी विसरत असत. मोबाईलवर गजर लावून झाला, घरच्यांनी आठवण करून झाली, काही उपयोग झाला नाही. शेवटी गोळ्यांची पट्टी दात घासण्याच्या ब्रशला रबराने बांधून ठेवायला मी सांगितले, म्हणजे रबर काढल्याशिवाय ब्रश हाती येणार नाही. त्यानंतर गोळी चुकणे जवळपास थांबले, कारण दात घासायला ते आयुष्यात कधी विसरले नव्हते.

आता कोणत्या सवयी, याकडे येते. मी झोपेपासून सुरुवात करते, कारण झोप बिघडलेली असताना बाकीचे काहीही टिकत नाही, आणि तुमच्या आखणीत नेमका तिच्यावरच घाला पडला होता. तुम्ही लिहिता की झोपायला बारा वाजतात, मध्ये एक-दोनदा उठावे लागते आणि तरी पाचचा गजर लावला होता. हे आरोग्य कमावणे नव्हे. ज्या तासांत शरीर दुरुस्ती करते ते तास काढून व्यायामाला दिले, एवढेच त्यात झाले. प्रौढ माणसाला नियमितपणे रात्रीची सात तास किंवा त्याहून अधिक झोप लागते. चार-पाच तासांवर भागते असे म्हणणाऱ्या बहुतेकांचे प्रत्यक्षात भागत नसते. सततच्या अपुऱ्या झोपेत स्वतःची सुस्ती स्वतःला कळेनाशी होते.

झोपायची वेळ नेहमी आपल्या हातात नसते, उठायची वेळ बऱ्याच अंशी असते. म्हणून सुट्टीच्या दिवसासह उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी आणि उठल्यावर तासाभरात दहा-पंधरा मिनिटे उघड्यावर, दिवसाच्या प्रकाशात जावे. याचे कारण मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिनाड्या जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरासे वर पेशींचा एक छोटा पुंजका असतो आणि तो शरीराचे घड्याळ चालवतो. या घड्याळाचे स्वतःचे आवर्तन बहुतेकांच्या बाबतीत 24 तासांहून किंचित मोठे असते, त्यामुळे त्याला रोज सकाळी प्रकाशाने पुन्हा जुळवून घ्यावे लागते. तसे झाले नाही तर झोप दररोज थोडी थोडी पुढे सरकते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा शोध लावल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. घरातला दिवा डोळ्यांना लख्ख वाटला तरी ढगाळ दिवसाचा बाहेरचा प्रकाशही त्याच्या कित्येक पट असतो, म्हणून खिडकीपाशी बसण्यापेक्षा दाराबाहेर पडणे चांगले.

चहा-कॉफीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण दुपारच्या सुस्तीवर उतारा म्हणून तुम्ही साडेचार-पाचला मोठा कप घेता असे लिहिले आहे, म्हणून सांगणे भाग आहे. दिवसभराच्या जागेपणात मेंदूमध्ये ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि तेच आपल्याला झोपेची जाणीव करून देते. कॅफीन त्या द्रव्याची जागा अडवते. थकवा तसाच राहतो, त्याची वार्ता तेवढी थांबते. शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना याहून बरेच जास्त. म्हणजे पाचच्या कपातले निम्मे कॅफीन रात्री दहाला अंगात असते. दुपारी बारा-एकनंतर ते घेऊ नये, असे मी झोपेची तक्रार असलेल्या प्रत्येकाला सांगते आणि दोन आठवड्यांनी विचारते. पुष्कळांना औषधाची गरज उरत नाही. मद्याने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती वारंवार मोडते, तेव्हा झोपेसाठी मद्य हा उपाय मुळीच नाही. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी शांत करावे आणि पेंग आल्यावरच परत जावे, म्हणजे अंथरूण आणि तळमळ यांची सांगड मनात पक्की होत नाही.

तुमच्या रात्री दुसऱ्यासाठी मोडतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत झोपेची खरी सवय घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलण्यापासून सुरू होते. आठवड्यातून निदान दोन रात्री सासूबाईंची जबाबदारी पूर्णपणे दुसऱ्या कोणीतरी घ्यावी आणि त्या रात्री तुम्ही वेगळ्या खोलीत, दार लावून झोपावे. हे स्वार्थाचे नाही. सेवा करणाराच आजारी पडल्यावर घराची काय अवस्था होते ते मी इतक्या वेळा पाहिले आहे की ही मागणी तुम्ही संकोच न करता करावी असे मला अगदी मनापासून वाटते. उरलेल्या दिवसांत दुपारी तीनच्या आधी वीस मिनिटांची डुलकी चालेल. त्याहून लांबली तर जड होऊन उठाल आणि रात्रीची झोप लांबेल.

हालचालीच्या बाबतीत मला दोन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगाव्याशा वाटतात, कारण त्यांची नेहमी गल्लत होते : एक व्यायाम आणि दुसरी दिवसभरातली बैठक. जेरी मॉरिस यांनी 1953 साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या चालकांच्या तुलनेत जिने चढउतार करत तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता आणि झाला तरी सौम्य होता. पुढे मॉरिस यांनीच गणवेशाच्या मापांवरून दाखवले की चालकांच्या कमरेचा घेर मुळातच जास्त होता. म्हणजे सगळे श्रेय जिन्यांना देता येत नाही. तरीही त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी मूळ दिशा बरोबर असल्याचे दाखवले आहे. त्या वाहकांपैकी कोणी आरोग्यासाठी म्हणून जिने चढत नव्हते, कामातच ती हालचाल होती, आणि बैठे काम करणाऱ्या माणसाने दिवसात नेमकी तीच परत आणायची असते. तासाभराने दोन-तीन मिनिटे उठावे, फोनवर बोलताना उभे राहावे, आणि मुख्य म्हणजे जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही आत ओढून घेऊ शकतो, त्यामुळे जेवणानंतर साखर चढत असतानाच चाललात तर तिचा चढ कमी राहतो. दुपारची जी पेंग तुम्ही वर्णन केली आहे, तिच्यावरही याचा उपयोग होईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकदीचे काम द्यावे. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही इतका वेग. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा मात्र वैद्यकशास्त्राने दिलेला नाही; 1965 च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून तो आला, आणि त्याच्या निम्म्या पावलांनीही शरीराला चांगलाच लाभ होतो. तेव्हा घड्याळात दहा हजार दिसले नाहीत म्हणून रात्री अकराला घरात फेऱ्या मारू नका, त्या वेळी झोपा.

ताकदीच्या व्यायामाबद्दल मी जरा आग्रही आहे, विशेषतः चाळिशीच्या पुढच्या स्त्रियांच्या बाबतीत. तिशीनंतर स्नायू दर दशकाला थोडे थोडे घटत जातात आणि पाळी थांबण्याच्या काळात हाडेही झपाट्याने विरळ होतात. दवाखान्यात मी एक साधी चाचणी करते, ती तुम्हीही घरी करून पाहा. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्या, दोन्ही हात छातीवर दुमडा आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजा. मी समोर उभी राहून पाहते तेव्हा मला आकड्यापेक्षा पद्धत अधिक सांगून जाते : कोणी शरीर पुढे झोकून देते, कोणाचे गुडघे आत वळतात, कोणी बसताना शेवटच्या वीतभर अंतरात धपकन पडते. ते धपकन पडणे म्हणजे मांडीच्या स्नायूंनी तिथे हात सोडलेला असतो. यावर उपाय म्हणजे तीच चाचणी व्यायाम म्हणून करणे. सावकाश, बसताना मनात तीन मोजत, दहा वेळा. भिंतीला हात टेकून केलेल्या दहा जोर-सदृश ढकली त्यात मिळवल्या की चार मिनिटांचे काम होते, आणि संगणकावर काम सुरू करण्याआधीची ती चार मिनिटे तुम्हाला मिळतील असा माझा अंदाज आहे. गुडघ्यात तीव्र वेदना, छातीत दडपण किंवा चक्कर आली, तर मात्र थांबून आधी दाखवावे.

आहाराबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुमच्या आहारात मोठी चूक दिसत नाही. ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांनी भरावा, पाव भाग धान्याने, शक्यतो कोंडा न काढलेल्या, आणि पाव भाग डाळी, कडधान्ये, अंडी, मासे अशा प्रथिनांनी. दिवसभरात मिळून भाज्या-फळे निदान 400 ग्रॅम आणि मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या पाच ग्रॅममध्ये पाकीटबंद पदार्थांतले मीठही धरलेले असते. साखर पूर्ण बंद करण्याची गरज नाही. प्यायच्या पदार्थांतली साखर आधी कमी करा, कारण ती पोट न भरता शरीरात जाते.

चार लिटर पाण्याचा आग्रह सोडून द्यावा. 1945 साली अमेरिकेतल्या एका पोषणविषयक समितीने प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटरची शिफारस केली होती आणि यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते असे लगेच पुढे लिहिले होते. ते पुढचे वाक्य गळून पडले आणि आकडा तेवढा राहिला. निरोगी माणसाने तहानेला मान द्यावा आणि लघवी फिकट पिवळी राहील एवढे प्यावे. उन्हात काम करणाऱ्यांनी, मुतखडा झालेल्यांनी आणि तहान कमी लागणाऱ्या वृद्धांनी ठरवून अधिक प्यावे, तर हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच प्यावे. रात्री लघवीसाठी उठणे तुमच्या झोपेत आणखी एक खंड पाडते आहे, हे वेगळे सांगायला नको.

तंबाखू आणि मद्य यांचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. घरात कोणी तंबाखू घेत असेल, तर या संपूर्ण उत्तरातल्या सगळ्या सवयींपेक्षा ती सोडवणे अधिक लाभाचे आहे, आणि त्यासाठी औषधांची व समुपदेशनाची मदत मिळते हे त्यांना सांगा.

दातांना आपण स्वतःच्या काळजीत धरत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. फ्लोराइड असलेली पेस्ट, मऊ ब्रश, दोन मिनिटे, दिवसातून दोनदा, आणि त्यातली रात्रीची वेळ कधीही न चुकवणे, इतके पुरते. कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांवर चिकटलेल्या अन्नावर जंतूंना मोकळे रान मिळते. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण लगेच पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहते. हिरड्यांचा जुनाट दाह आणि मधुमेह एकमेकांना बिघडवतात, हे मधुमेह असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

आता तुमच्या यादीत नसलेली एक सवय सुचवते : रक्तदाब मोजणे. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे काहीही दुखवत नाही आणि त्या काळात हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांचे नुकसान करत राहतो, म्हणून तो मोजल्याशिवाय कळत नाही. मात्र तो कसा मोजला जातो यावर सगळे अवलंबून आहे. मागे एक गृहस्थ जिना चढून आले, खुर्चीच्या कडेवर एकावर एक पाय टाकून बसले, सदऱ्याची बाही तशीच ठेवून हात पुढे केला आणि पट्टा फुगत असताना मुलाच्या प्रवेशाविषयी बोलत राहिले. वरचा आकडा 158 आला. मी त्यांना लघवीला जाऊन यायला सांगितले, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसवले, बाही काढून उघड्या दंडावर पट्टा बांधला, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवला आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजले. आकडे 136 आणि 132 आले. पहिल्या आकड्यावर मी विश्वास ठेवला असता तर त्यांना जन्मभराची गोळी सुरू झाली असती. घरी मोजताना हेच सगळे पाळावे, अर्धा तास आधी चहा, व्यायाम किंवा धूम्रपान नको, दंडावरचे यंत्र वापरावे आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी वहीत लिहाव्यात. घरच्या नोंदींची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना वही दाखवावी. सगळे ठीक असेल तर वर्षातून एकदा पुरे.

ध्यान आणि रोजनिशी सुटली याचे दुःख करू नका. त्यांचा गाभा फार थोड्या वेळात बसतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, कारण त्या वेळी शरीराला शांत करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा अंमल वाढतो. म्हणून उच्छ्वास लांबवून मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले तर छातीतली धडधड आणि मनातली घाई दोन्ही उतरतात. चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर, अशी तीन मिनिटे. सासूबाईंना पाहून परत अंथरुणावर आल्यावर हे करून पाहा, त्या वेळी त्याची सर्वांत जास्त गरज असते.

याहून मोठी गोष्ट माणसांची आहे. हार्वर्डमध्ये 1938 पासून चालू असलेल्या प्रौढांच्या दीर्घ अभ्यासातून पुन्हा पुन्हा हेच दिसत आले की जवळच्या नात्यांची ऊब उतारवयातल्या आरोग्याशी घट्ट जोडलेली आहे; ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड यांनी 2010 साली 148 अभ्यास एकत्र तपासले, त्यांतही सामाजिक संबंध भक्कम असलेल्यांची जगण्याची शक्यता लक्षणीय अधिक आढळली. दीर्घ सेवा करणाऱ्या माणसाचे पहिले काय सुटते, तर मैत्रिणी. तुमच्या सहा गोष्टींच्या यादीत एकाही माणसाचे नाव नव्हते, हे पत्र वाचताना मला खटकले. आठवड्यातला एक ठरलेला फोन, ज्यात आजारपणाचा विषय निघाला नाही तरी चालेल, एवढे धरा.

तेव्हा पहिले दोन महिने तुम्ही दोनच गोष्टी कराव्यात असे मी सुचवते. उठण्याची वेळ साडेसहा अशी निश्चित करावी आणि मुलांना शाळेच्या गाडीत बसवल्यावर घरात परत न येता दहा मिनिटे बाहेरच चालावे. दुसरी गोष्ट म्हणजे संगणक सुरू होईपर्यंत खुर्चीतून दहा उठबशा. वाईट दिवशी चालणे दोन मिनिटांचे आणि उठबशा तीन झाल्या तरी तो दिवस भरला असे धरावे. सलग दोन-तीन दिवस पूर्णच चुकले, तर भरपाई म्हणून दुप्पट काही करू नये, पुढच्या सकाळी तेच दहा मिनिटांचे चालणे पुन्हा घ्यावे. या दोन गोष्टी न आठवता होऊ लागल्या की तिसरी आणावी, आणि ती जेवणानंतरचे चालणे असावी.

आता थकव्याकडे येते. चाळिशीतल्या स्त्रीचा अनेक महिन्यांचा थकवा ‘धावपळ आहे, म्हणून’ असे म्हणून सोडून देण्याची आपल्याला फार सवय आहे, आणि ती मला मान्य नाही. पाळीत जास्त रक्तस्राव होऊन लोह कमी पडणे, थायरॉइड मंदावणे, बी-12 ची कमतरता, वाढलेली साखर, नियमित घेतल्या जाणाऱ्या एखाद्या औषधाचा परिणाम, यांपैकी काहीही असू शकते, आणि यांतल्या कोणत्याही कारणावर पहाटे उठणे हा उपाय नाही. तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे की यजमान तुमच्या घोरण्याची तक्रार करतात. झोपेत श्वास मध्येच थांबत असेल तर आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो; तेव्हा घोरणे मध्येच थांबून दचकल्यासारखा श्वास घेतला जातो का, हे त्यांना दोन-तीन रात्री मुद्दाम पाहायला सांगा. त्याचप्रमाणे गेले दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक वेळ मन उदास असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना तितक्याच मोकळेपणाने सांगा. नैराश्याचा थकवा खराच असतो आणि त्यावर उपचार आहेत. जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगून मदत घ्यावी.

न कळत वजन घटणे, रात्री घाम फुटणे, शौचावाटे रक्त, जिना चढताना नव्याने लागणारी धाप किंवा छातीत दडपण, यांपैकी काही असेल तर भेटीची तारीख लांबवू नका. तसे काही नसेल तर येत्या पंधरवड्यात वेळ घ्या आणि जाण्याआधीच्या सात दिवसांची एक नोंद सोबत न्या : किती वाजता झोपलात, किती वेळा उठलात, चहा-कॉफी केव्हा घेतली, दिवसातल्या कोणत्या वेळी थकवा सर्वाधिक होता, पाळीची शेवटची तारीख आणि किती दिवस रक्तस्राव झाला, आणि घेत असलेल्या सर्व गोळ्यांची नावे, दुकानातून स्वतःहून आणलेल्या गोळ्यांसह. एवढा कागद समोर असला, तर कोणत्या तपासण्या आधी करायच्या हे तुमच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ठरवता येईल.